पालीच्या ओसरीवरची अरबी

अरबी शिकलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहिलं, तर वाचणाऱ्याला मस्कत किंवा कैरोची अपेक्षा असते. माझा प्रवास पुण्याहून निघाला आणि वेल्हे तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याशी पालीला संपला. दोनच दिवसांचा. ज्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं एसटीतून ये-जा केली, त्याच रस्त्यावर मला कळलं की तीन वर्षं शिकलेल्या भाषेत मला 'काय हवंय' एवढंसुद्धा धड विचारता येत नाही. अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

मी भोरची. वडिलांचं कापूरहोळ फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पुण्यात बी.ए. करताना एका सरांनी सांगितलं, "अरबी शीक. आखाती देशांतून रुग्ण इकडे येतात, त्यांना दुभाषे मिळत नाहीत." त्यांनी स्वतःची पुस्तकं दिली, रविवारी घरी बोलावून शिकवलं, एक पैसा घेतला नाही. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत, आणि पुढे जे लिहिलं आहे ती त्यांच्याविरुद्धची तक्रार नाही. पदविकेला मला पहिला वर्ग मिळाला. आईने तो कागद देवघराशेजारी लावला.

हे माझं पहिलंच काम. ओमानहून आलेल्या एका वयस्क बाईंचं हृदयाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. त्यांना सगळे उम्म राशिद म्हणतात, म्हणजे राशिदची आई. हा राशिद इंग्रजी बोलायचा. त्याने मला बोलावून सांगितलं, "आमच्या घरी हौसाबाई नावाची स्वयंपाकीण अकरा वर्षं होती. तिच्या तोंडून आमच्या भाषेत 'हो, आणते' एवढंच ऐकलंय. आईला ऑपरेशनच्या आधी तिची क्षमा मागायची आहे. आमच्यात असं करतात. जिवावरच्या गोष्टीला सामोरं जायच्या आधी ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जातात. तिने क्षमा केल्याशिवाय आई टेबलावर झोपायला तयार नाही, आणि डॉक्टर म्हणतात आता उशीर नको."

"क्षमा कशाची?" मी विचारलं.

"ते ती मला सांगत नाही."

डॉक्टरांनी सावकाश गाडीने जायची परवानगी दिली होती. राशिदला दवाखान्याच्या कागदपत्रांसाठी थांबणं भाग होतं. त्याने हौसाबाईंच्या जुन्या पासपोर्टची झेरॉक्स माझ्या हातात ठेवली. पत्ता भोरजवळचा. माझ्याच गावाकडचा पत्ता, माझीच भाषा, आणि पलीकडे मी शिकलेली भाषा. मला वाटलं, देवाने हे काम माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं.

शुक्रवार, कापूरहोळ

गाडी चालवायला बापू होते, कापूरहोळचेच, वडिलांच्या ओळखीचे. फाट्यावरच्या धाब्याशी त्यांनी गाडी थांबवली. पुण्यापासून उम्म राशिद डोळे मिटून होत्या, त्यामुळे आमचं बोलणं झालंच नव्हतं. मी वर्गातल्यासारखी नीट उभी राहिले आणि प्रत्येक शब्दाचा शेवटचा स्वर स्पष्ट करत विचारलं, "हल् तुरीदीना अन् तश्रबी शैअन्, या सय्यिदती?" म्हणजे, बाईसाहेब, आपल्याला काही प्यायला हवं आहे का?

उम्म राशिदनी माझ्याकडे बघितलं. मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना ओढणी लावावी लागली. मग काहीतरी बोलल्या.

मला एक शब्दही कळला नाही. एकही नाही. शब्द अर्धे गिळलेले, एकात एक गुंतलेले, शेवटचे स्वर तर कुठेच नाहीत. मला वाटलं मी भलतीच भाषा शिकले की काय. पण पहिल्या वर्गाचा कागद देवघराशेजारी लावलेली मुलगी 'कळलं नाही' म्हणत नाही. मी मान डोलावली, "नअम्, नअम्," म्हटलं, आणि आत जाऊन लस्सी सांगितली.

लस्सीचा उंच पेला समोर आला तेव्हा उम्म राशिद तो बघून पुन्हा तेच बोलल्या, जरा मोठ्याने. मी दुसरी लस्सी सांगणार, तेवढ्यात बापू म्हणाले, "ताई, काय करताय? त्यास्नी संडासला जायचंय. माणूस असं उभं ऱ्हायलं की कळतंय. त्याला कुठली भाषा लागती?"

ती लस्सी बापूंनी प्यायली.

पुढे पुस्तकं चाळून आणि लोकांना विचारून मला जे समजलं, ते इथेच सांगून टाकते. आम्ही वर्गात शिकतो ती 'फुसहा', म्हणजे शुद्ध अरबी. धर्मग्रंथाची आणि जुन्या कवितेची ती भाषा, थोडी सोपी होऊन आजच्या बातम्यांत, वर्तमानपत्रांत, कोर्टाच्या कागदात, भाषणात चालते. ती सगळ्या अरब देशांत एकच. पण ती कुणाची आईची भाषा नाही. घरात, बाजारात, भांडणात प्रत्येक देशाची आपली बोली. 'काय' या साध्या शब्दाला मी 'माज़ा' म्हणते, उम्म राशिद 'मो' म्हणतात, इजिप्तचा माणूस 'एह' म्हणतो. 'आत्ता'ला मी 'अल्-आन', त्या 'अल्-हीन'. 'तू कशी आहेस' मी म्हणते 'कैफ हालुकि', त्या म्हणतात 'कैफ हालिश'. दोघींसाठी वेगळं क्रियापद वापरायचं द्विवचन मी रात्ररात्र पाठ केलं होतं. बोलीत ते जवळपास कुणी वापरत नाही. आणि मोरोक्कोचा माणूस भराभर बोलायला लागला तर ओमानच्या माणसालाही अवघड जातं. हे सगळं पुस्तकाच्या प्रस्तावनेत दोन ओळींत होतं. मी ते परीक्षेला येणार नाही म्हणून सोडलं होतं.

शुक्रवार, भोर

पासपोर्टवरच्या पत्त्यावर कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "हौसाबाई व्हय? ती लेकीकडं असती, पालीला. लई वर्सं झाली."

उम्म राशिद दमल्या होत्या, म्हणून त्यांना आमच्या घरी आणलं. आईने इंद्रायणीचा भात, काळ्या वाटाण्याची आमटी आणि भाकरी केली. उम्म राशिदनी भाकरी बाजूला ठेवली आणि भात हातात घेऊन आधी वास घेतला, मग डोळे मिटले. त्यांच्याकडे सगळे एकाच मोठ्या ताटाभोवती बसून जेवतात. वेगवेगळी ताटं बघून त्यांनी आपलं ताट आईच्या ताटाला चिकटवलं. आई लाजून लाल झाली.

जेवणानंतर त्यांनी थर्मासमधून वेलदोड्याची कॉफी काढली आणि छोट्याशा कपात वडिलांना दिली. वडिलांनी संपवून कप पुढे केला. त्यांनी पुन्हा भरला. संपवला, पुन्हा भरला. पाहुणीचा मान म्हणून वडील पीत राहिले. सातव्या कपाला ते मला हळूच म्हणाले, "अगं, हिला सांग की बास म्हणून. छाती धडधडाय लागली." मी माझ्या अरबीत सांगितलं. उम्म राशिद पुन्हा हसल्या आणि रिकामा कप बोटांत धरून हलवून दाखवला. पुरे झालं की कप हलवायचा. वडिलांनी इतक्या जोरात हलवला की तो हातातून सुटला.

आत भांडी घासताना मी आईला म्हटलं, "आई, त्या मला का हसतात?"

आई म्हणाली, "तू पुण्यास्नं पयल्यांदा आलीस तवा कशी बोलायचीस? 'आई, मला पाणी देतेस का? मी अत्यंत दमले आहे.' आमी आतल्या घरात तोंडाला पदर लावून हसायचो."

मला हे माहीतच नव्हतं. कॉलेजात 'न्हाई' आणि 'हितं' म्हटलं म्हणून मुली हसल्या, तेव्हा मी ते शब्द तोंडातून खरवडून काढले होते. घरी येऊन शुद्ध बोलले तेव्हा घरचे हसले. आणि आता मस्कतची म्हातारी हसत होती. हातातलं पातेलं तसंच राहिलं.

शनिवार, मार्गासनी आणि पाली

सकाळी चेलाडी फाट्याने आत वळलो. मार्गासनीच्या आसपास भातकापणी जोरात होती. उम्म राशिदनी हात करून गाडी थांबवायला लावली. बांधावर उभ्या राहून त्या बराच वेळ बघत होत्या. बाया वाकून कापत होत्या, पेंढ्या बांधत होत्या. एका मावशीने ओरडून विचारलं, "कुठल्या पावण्या?" बापू म्हणाले, "लांबच्या. दर्याच्या पल्याडच्या." मावशी म्हणाल्या, "मग उनात का उभं केलंया? आना की सावलीत." उम्म राशिदनी खाली पडलेली एक लोंबी उचलली, दाणे तळहातावर चोळले आणि काही न बोलता गाडीत येऊन बसल्या. मला वाटलं, थकल्या.

पालीत घर शोधावं लागलं नाही, हौसाबाईंचं नाव काढताच कुणीतरी बोट दाखवलं. अंगणात एक साठीची बाई सुपाने तांदूळ पाखडत होती. गाडीतून काळा बुरखा उतरताना बघून तिचं सूप क्षणभर थांबलं. मग ती पुन्हा पाखडायला लागली. उठली नाही.

तिची लेक सुनंदाताई बाहेर आल्या, पाणी दिलं, ओसरीवर घोंगडी टाकली. उम्म राशिद ओसरीच्या कडेला बसल्या. धाप लागली होती. त्यांनी हौसाबाईंकडे तोंड केलं आणि बोलायला लागल्या. आवाज कापत होता. मी कान टवकारले. दोन दिवसांत थोडं कळायला लागलं होतं, पण हे फार भरभर होतं. थांबल्या तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "त्या म्हणतात, तुमची फार आठवण येते. तुमच्या हातचं जेवण अजून विसरल्या नाहीत. तुमची तब्येत कशी आहे?"

हौसाबाईंनी सूप खाली ठेवलं. "असं न्हाई म्हणाली ती."

त्यांनी उम्म राशिदकडे बोट केलं.

"ती म्हणाली, माझ्या छातीत चाकू घालणार हाईत सोमवारी. मी देवाला भीत न्हाई, हौसाला भिती. असं म्हणाली. आठवण-बिठवण कायबी न्हाई."

मला जमिनीने गिळावं असं झालं. नऊवारीतली, चौथीसुद्धा न शिकलेली बाई, वेल्ह्याच्या डोंगरात बसून ओमानची अरबी शब्दन्शब्द समजत होती. आणि मी, दुभाषी, तिच्यासमोर खोटं बोलताना पकडली गेले होते.

"तुम्हाला येतंय तर तुम्हीच बोला ना त्यांच्याशी," मी कसंबसं म्हणाले.

"न्हाई." हौसाबाई म्हणाल्या. "ती भाषा मला हिच्या सैपाकघरात आली. चूल पेटव, चहा आण, व्हय, व्हय, आणती. एवढीच आली. त्या भाषेत हिच्यासमोर तोंड उघडलं की माझं हात आपसूक पदराला पुसाय लागत्यात. मला जे सांगायचंय ते त्यात सांगता येत न्हाई. तू तुझ्या पुस्तकातल्या भाषेत सांग. हिच्याकडं टीव्हीवर एक बाबा बोलायचा, आन हे समदं घर हात बांधून ऐकायचं. तसली भाषा येती ना तुला?"

"येते."

"मग सांग. तुज्या मोठ्या ईदला माझ्या लेकीचं लगीन होतं. मी महिनाभर आधी सुट्टी मागितली हुती. माझा पासपोर्ट तुझ्या कपाटात हुता. तू म्हणालीस, ईद झाल्यावर."

हातातल्या पिशवीत त्याच पासपोर्टची झेरॉक्स होती. पासपोर्टची झेरॉक्स मालकिणीकडे का असते, हे मला दोन दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

मी अरबीत सांगितलं. पण जुनी सवय. समोर आजारी म्हातारी, माझ्या आईच्या ताटाला ताट लावून जेवलेली. मी म्हणाले की ईदच्या कामामुळे त्यांना मुलीच्या लग्नाला येता आलं नाही, याचं त्यांना दुःख आहे.

हौसाबाई माझ्याकडे बघत होत्या. "कपाट म्हणालीस का?"

"…नाही."

"मला वाटलंच. हिचं तोंड हाललं न्हाई. कपाट म्हण."

मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी काही गाळलं नाही. कपाटाला शुद्ध अरबीत जो शब्द आहे तो हौसाबाईंच्या ओळखीचा नव्हता, पण तो माझ्या तोंडून बाहेर पडताच उम्म राशिदनी मान खाली घातली आणि पाठ ताठ केली, जशी माणसं न्यायाधीशासमोर करतात. हौसाबाईंनी ते बघितलं आणि एकदा मान हलवली. ज्या भाषेला मी दोन दिवस लाजत होते, तिचा उपयोग मला त्या क्षणी कळला. आपल्याकडे भांडण तोंडी असतं तोवर आवाज चढतात, आणि सरकारी कागदावर तेच शुद्ध मराठीत लिहिलं की लोक गप्प होतात, तसं काहीतरी झालं होतं.

मग उम्म राशिद बोलल्या. बराच वेळ. मध्ये थांबून, रडून, हाताने जमिनीवरून काहीतरी वेचल्यासारखं करून दाखवत. मी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मला कळलं नाही." मराठीत म्हणाले, मग अरबीतही म्हणाले. तीन वर्षांत मी हे वाक्य कुणालाही म्हटलं नव्हतं.

हौसाबाईंना कळलं होतं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"आई," सुनंदाताई म्हणाल्या, "काय म्हणत्यात त्या?"

"कायबी न्हाई."

"तुला कळलंय. सांग."

हौसाबाईंनी सुपातले तांदूळ बोटाने इकडचे तिकडे केले. मग दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशा त्या सांगायला लागल्या.

"ती म्हणती, ईदच्या दिवशी घरभर पावणं हुतं. बकऱ्याचं मटण शिजत हुतं. हौसा सैपाकघरात न्हवती. म्हणून ती हुडकत गच्चीवर गेली. तर ही एकटीच तिथं उभी. कुणी न्हाई. आन हवेत तांदूळ टाकती. मूठ मूठ. तोंडानं कायतरी म्हणती." त्या थांबल्या. "ती म्हणती, मी चिडले. पावण्यांच्या दिवशी अन्न टाकती म्हणून लई बोलले. म्हणले, एक एक दाणा येच. आन ती येचत बसली. उनात. मी जिन्यात उभी राहून बघितलं समदं येचलं का."

हौसाबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मग शेजारच्या घरात आपल्याकडचा एक डायवर हुता. सांजच्याला त्यानं मालकिणीला सांगितलं, त्यो तांदूळ कशाचा हुता त्यो. तवापासनं तिला म्हणायचं हुतं. पासपोर्टाचं ती म्हणती समदेच ठेवत्यात, त्याची माफी मागाया जड न्हाई. पर त्या दाण्यांची… त्यासाठी आले म्हणती."

मी सुनंदाताईंकडे बघितलं. त्यांचा हात तोंडावर गेला होता. लग्नाच्या दिवशी आईच्या जागी चुलती उभी राहिली, आणि भावकी म्हणत राहिली की हौसाला तिकडचं सुख लागलं, लेक आठवत न्हाई. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. हौसाबाई परत आल्या तेव्हा त्यांनी विचारलं नाही, आणि हौसाबाईंनी सांगितलं नाही. एका घरात राहून.

"किती वाजता?" सुनंदाताईंनी विचारलं.

"काय?"

"तांदूळ. किती वाजता टाकलं?"

"तिथलं अकरा वाजून पाच मिंटं. हितलं बारा पस्तीस. फोनवर मुहूर्त इचारून ठिवला हुता."

सुनंदाताई उठल्या आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नीट होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यास्नी सांगा. माफ केलं असं मला म्हणता येत न्हाई. तोंडात येत न्हाई. पर त्यांनी येऊन सांगितलं नसतं तर मला हे मरेस्तवर कळलं नसतं. जावा म्हणावं. ऑपरेशन करून घ्या."

मी जसंच्या तसं सांगितलं. 'माफ केलं असं म्हणता येत नाही' हेसुद्धा सांगितलं. उम्म राशिदनी ऐकलं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या हौसाबाईंकडे बघत होत्या. मलाही कळत होतं की लेकीचं उत्तर मिळालं, अजून आईचं मिळालेलं नाही.

सुनंदाताईंनी ताट आणलं. नव्या तांदळाचा भात, वरण, वांग्याची भाजी. ते उम्म राशिदसमोर ठेवलं. उम्म राशिदनी हात लावला नाही.

तेव्हा हौसाबाई बोलल्या. अरबीत. त्यांच्या सैपाकघरातल्या अरबीत. बसल्या जागेवरून, हात सुपावर तसेच ठेवून, आवाज जरासा चढवून. एकच शब्द. तो माझ्या पुस्तकात अगदी पहिल्या धड्यात होता, आणि तो मला कुणाला न विचारता कळला.

खा.

ती विनंती नव्हती. अकरा वर्षं ज्या भाषेत त्यांनी फक्त हुकूम ऐकले, तिच्यात तो हुकूम होता. उम्म राशिदनी दचकून वर बघितलं. मग बाहीने डोळे पुसले, हात धुतले आणि खाल्लं. ताटात एक शीत ठेवलं नाही. हौसाबाई शेवटपर्यंत बघत होत्या. ताट रिकामं झाल्यावर त्या आणखी काहीतरी बोलल्या, हळू. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुझं काम झालं पोरी. आता हे आमचं हाय."

उम्म राशिदनी अंगणातूनच राशिदला फोन लावला. भरभर बोलल्या. मला त्यातलं एकच कळलं, सोमवार. पलीकडून राशिदचा आवाज मोठ्याने आला, आणि त्या मान डोलवत होत्या.

ऑपरेशन नीट झालं. राशिदने कळवलं. मी आता फुसहाबरोबर बोलीही शिकायला लागले आहे, आणि समोरच्याचं कळलं नाही तर तसं सांगते. सरांनाही सगळं सांगितलं.

पण मला सारखं आठवतं ते निघतानाचं. बापूंनी गाडी सुरू केली होती. उम्म राशिद मागच्या सीटवर टेकून बसल्या होत्या. मी दार ओढून घेत होते, तेव्हा अंगणातून सुनंदाताईंचा आवाज आला. त्या आईच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या.

"आई," त्या विचारत होत्या, "गच्ची केवढी हुती?"